आधी एचआर ऑडिट की आधी योजना? फौंड्रीवाल्यांसाठी

कोल्हापूरजवळ शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फौंड्रीचे, म्हणजे धातू ओतकामाचे, चार कारखानदार चहाला बसले की विषय फिरून तिथंच येतो: माणसं टिकत नाहीत. शिकवून तयार केलेला मोल्डर (साचे करणारा) शेजारच्या शेडमध्ये हजार रुपये जास्त मिळाले की जातो. मग कुणी म्हणतं एचआर ऑडिट करून घ्या, कुणी म्हणतं कामावरच्या पोरांना खूश ठेवायला एखादी योजना काढा. यंदा एकाच गोष्टीला पैसे असतील तर?

ऑडिट हे रुक्ष काम. मस्टर, पगारपत्रक, नेमणूकपत्रं, पीएफ-ईएसआयची चलनं, कंत्राटदाराची कागदं समोर ठेवून एकेक ताडून बघायचं. निघतं ते झोंबतं. ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट दरानं, प्रत्यक्षात व्हाउचरवर एकपट. कंत्राटदारानं पीएफ कापला, भरलाच नाही. तो शेवटी तुमच्याच गळ्यात. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे बेसिक कमी ठेवून भत्त्यांनी फुगवलेलं पगारपत्रक आता उघडून बघायलाच हवं.

योजनेचं उलट. हजेरी बक्षीस, गणपतीपुळ्याची सहल, वर्षातून एकदा तांबडा-पांढरा. पोरं खूश, फोटो ग्रुपवर. पण ऑडिटचा खर्च एकदाच, योजनेचा दरवर्षी, आणि सुरू केलेली सहल बंद केली की ती न काढण्यापेक्षा जास्त बोचते. हजेरी बक्षिसाचा तर मला कधीच भरवसा वाटला नाही. भात लावणीला करवीर-पन्हाळ्याचा माणूस शेतावर जाणारच. त्याचं बक्षीस बुडतं आणि तो वर नाराज. त्यापेक्षा मे महिन्यातच कुणाची रजा कधी ते लिहून घेतलं तर फुकटात काम होतं.

मी एका कारखान्यात असताना ‘महिन्याचा उत्तम कामगार’ सुरू केलं होतं. पहिलं बक्षीस ज्याला दिलं, तोच तिसऱ्या महिन्यात गेला. नंतर कागद काढले: चार वर्षं मशीन चालवत होता, पगारपत्रकावर मात्र हेल्पर! हे आधी बघितलं असतं तर शाल-श्रीफळाचे पैसे वाचले असते, माणूसही.

तरी सरसकट ऑडिटच आधी, असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांची यादी काढा, प्रत्येकापुढं किती महिने टिकला ते लिहा. बहुतेक सहा महिन्यांच्या आत गेले असतील तर भरती, सुपरवायझर नाहीतर पहिला पगार, यांत कुठंतरी घोळ आहे, ऑडिट करा. पाच-सात वर्षांचे जुने हात जात असतील आणि कागद खरोखर चोख असतील, तर योजनेला पैसे घाला. पण सहलीवर नको. हेल्पर ते मोल्डर ते चार्जहँड (टोळीचा म्होरक्या) अशी पायरी आणि प्रत्येक पायरीचा पगार भिंतीवर लावा. दिवाळी बोनस ८.३३ टक्क्यांवर न थांबवता थोडा वर न्या. वरची मर्यादा २० टक्के आहे. कायम कामगाराला पाच वर्षांनंतर प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांच्या वेतनाची ग्रॅच्युइटी मिळते, हे चार वर्षं झालेल्याला बोलावून आकड्यात सांगा.

ऑडिट मात्र आपल्याच अकाउंटंटकडून करून घेऊ नका. पगारपत्रक त्यानंच बनवलेलं असतं.