क्रिप्टिक शब्दकोडे चौघांत मिळून सोडवण्याचे आठ महिने : वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनपासून आम्ही चौघे दर रविवारी सकाळी साडेआठ ते अकरा या वेळात, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या घराच्या गच्चीत बसून, इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडे सोडवत आहोत. मी शाळेत मराठी शिकवते. बाकीच्या तिघांत देवळालीला स्थायिक झालेले तोफखान्यातले एक निवृत्त सुभेदार काका, पंचवटीत दवाखाना असलेले एक वैद्य आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी भाची आहे. कोडे बहुधा ‘द हिंदू’मधले असते, जोडीला चेंबर्सचा जाडजूड शब्दकोश, दोन पेन्सिली आणि एक दोनशे पानी वही. एवढ्या साहित्यावर आठ महिने काढल्यावर ही पद्धत कुणाला उपयोगी पडेल आणि कुठे अडते, याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या वर्तमानपत्रांतल्या आडव्या-उभ्या शब्दांत ‘कमळ’ दिले की ‘पंकज’ लिहायचे असते. क्रिप्टिक क्लूमध्ये, म्हणजे शब्द ओळखण्यासाठी दिलेल्या सूचक वाक्यात, उत्तराचा अर्थ वाक्याच्या एकाच टोकाला असतो, आणि उरलेले वाक्य तोच शब्द अक्षरे उलटवून, जोडून, लपवून किंवा कापून दुसऱ्या वाटेने देते. वाक्याचा वरवर दिसणारा अर्थ मात्र पूर्णपणे दिशाभूल करणारा असतो. शब्दकोडे हा प्रकार आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात सुरू केला, पण त्याला हे गूढ वळण पुढे इंग्लंडमध्ये मिळाले. ‘ॲफ्रिट’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या रिची यांनी १९४९ मध्ये सांगितलेले एक तत्त्व आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. त्याचा आशय असा की, कोडेकाराने बोललेले त्याच्या मनात असलेच पाहिजे असे नाही, पण मनात आहे ते त्याने बोललेच पाहिजे.

आमच्या बैठकीचा नियमही याच तत्त्वातून आला. उत्तर सुचले तरी ते आधी सांगायचे नाही, क्लूची फोड सांगायची. समासाचा विग्रह जमला नाही तर नुसते समासाचे नाव लिहिणाऱ्या मुलाला मी गुण देत नाही, तसेच हे आहे. हा नियम ठरला तो दुसऱ्याच रविवारी, माझ्या चुकीमुळे. भाचीने माझ्या सरावासाठी एक क्लू रचून आणला होता : ‘सम लेबल बिलाँगिंग टू जर्मन फ्लॉवर’, चार अक्षरे, आणि शेवटचे अक्षर ‘ई’ असल्याचे आडव्या शब्दावरून कळले होते. मी ताबडतोब ‘रोझ’ लिहिले. फूल आहे, चार अक्षरे आहेत, शेवटी ‘ई’ आहे, मग अडचण काय, असे मला प्रामाणिकपणे वाटले. भाची एवढेच म्हणाली, “मावशी, मग लेबल कशाला आलंय?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ‘सम’ म्हणजे पुढच्या शब्दांतला काही भाग घ्या. ‘लेबल’च्या शेवटचे ई, एल आणि ‘बिलाँगिंग’च्या सुरुवातीचे बी, ई शेजारी ठेवले की जर्मनीतली एल्ब नदी मिळते, कारण इथले ‘फ्लॉवर’ हे फूल नसून ‘फ्लो’ होणारी, म्हणजे वाहणारी गोष्ट आहे. ज्या शब्दाचा हिशोब लागत नाही तो क्लूमध्ये असूच शकत नाही, हे मला त्या दिवशी कळले, आणि तेव्हापासून माझे वाचनच बदलले आहे. मुलांच्या निबंधातसुद्धा ‘हा शब्द इथे काय काम करतो’ हे मी आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा विचारते.

एकट्याने सोडवताना हा हिशोब कुणी मागत नाही, आणि चौघांत बसण्याचा खरा फायदा मला इथेच दिसतो. ‘चौघांत लवकर सुटते’ ही समजूत आमच्या बाबतीत खरी ठरली नाही; एकेका क्लूवर वीस मिनिटे जातात. मात्र पहिल्या रविवारी चौघांना मिळून तीनच शब्द भरता आले होते, आणि आता साधारणपणे चार-पाच सोडले तर बाकीचे सगळे फोडीसकट भरतात. प्रत्येकाच्या आयुष्यातले काहीतरी इथे कामी येते. ‘गनर्स’ म्हटले की आर आणि ए, म्हणजे रॉयल आर्टिलरी, आणि ‘मेन’ म्हटले की ओ आणि आर, म्हणजे अदर रँक्स, हे काकांना कोशात पाहावे लागले नाही. ज्या संक्षेपांपाशी आम्ही अडलो असतो ते त्यांनी नोकरीभर कागदोपत्री वापरलेले होते. काकांचा एक अभिमानाचा विषयही यातूनच आला. ‘द हिंदू’ची कोडी सुरुवातीच्या काळात रचणारे ॲडमिरल कटारी हे १९५८ मध्ये नौदलाचे प्रमुख झालेले पहिले भारतीय अधिकारी होते, हे ते नव्या माणसाला आवर्जून सांगतात.

बैठकीतली सगळ्यात रंगलेली चर्चा आमच्याच गावाच्या नावावर झाली. इंग्रजीत ‘नाशिक’ची सहा अक्षरे उलथीपालथी केली की ‘खान इज’ ही अक्षरे मिळतात, हे भाचीला सप्टेंबरात सापडले. तिने क्लू केला : ‘खान इज लॉस्ट इन सिटी ऑन गोदावरी’. खान गोदाकाठच्या शहरात हरवला आहे असे चित्र उभे राहते आणि ‘लॉस्ट’ हा शब्द अक्षरे विस्कटायला सांगतो. आम्हाला तो फार आवडला, पण तासाभराने तिने स्वतःच हरकत काढली. तिचे म्हणणे असे की, अक्षरांच्या खेळातून उत्तर निघते, उत्तरातून खेळ निघत नाही. म्हणून खेळ आधी, मग ‘इन’ आणि मग अर्थ, हा क्रम काटेकोर कोडेकाराला सैल वाटेल. वैद्यांच्या मते एवढी सूट चालावी, माझ्या मते चालू नये. काका बराच वेळ चेंबर्स चाळत होते. त्यांनी ‘डूलॅली’ हा शब्द काढून दाखवला.

या शब्दाची जन्मकथा देवळालीची आहे. मुदत संपलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी जाणारे जहाज मिळेपर्यंत देवळालीच्या छावणीत थांबावे लागे. कधीकधी महिनोन्‌महिने काही काम नसलेल्या त्या सैनिकांची कंटाळ्याने आणि उन्हाने जी अवस्था होई, तिला त्यांनी ‘डूलॅली टॅप’ म्हटले, आणि यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला असा शब्द इंग्रजीत रुळला. डोके फिरल्याचे सांगणारा कुठलाही शब्द कोडेकाराला अक्षरे फिरवण्यासाठी वापरता येतो. काका म्हणाले, “बाई, खानाला हरवू नका, देवळालीला आणा.” क्लू असा झाला : ‘खान इज डूलॅली, सिटी निअर देवळाली’. वादग्रस्त ‘इन’ गेला, एकही शब्द रिकामा उरला नाही, आणि कानाला यमकही लागले. ज्या गावात काका निवृत्तीनंतर घर बांधून राहिले त्या गावाने इंग्रजीला एक शब्द दिला आणि त्याच शब्दाने शेजारच्या शहराचे नाव सुटले, याचा त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

दिवाळीनंतर आम्ही मराठीत क्लू रचू लागलो, आणि मला वाटते की या आठ महिन्यांतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. आपल्याकडे अक्षरांचा खेळ नवा नाही. वाल्याच्या ‘मरा मरा’चे ‘राम राम’ झाले ही कथा पंचवटीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते, आणि मोरोपंतांनी तर ओठ न जुळवता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचले. पण इंग्रजीचे नियम उचलून मराठीला लावता येत नाहीत, हे लगेच ध्यानात आले. मराठी चौकटीत एका घरात एक अक्षर बसते ते काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरासकट. इंग्रजीत सव्वीस अक्षरे सतत परत येतात म्हणून उलथापालथ सहज साधते. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी वेगळी, त्यामुळे तीच अक्षरे वापरून दुसरा शब्द मिळणे दुर्मीळ. त्याऐवजी शब्द उलटवणे, जोडणे, डोके किंवा शेपूट कापणे आणि श्लेष हे प्रकार मराठीत सुंदर खुलतात. दोन अर्थ शेजारी ठेवणाऱ्या क्लूला आम्ही ‘दुतोंड्या’ म्हणतो, आणि रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीमुळे हे नाव कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

जुलैतल्या एका रविवारी गोदावरीला पूर होता, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले होते, आणि आमची बैठक फोनवर झाली. त्या दिवसाच्या आठवणीवर मी पुढे ‘नदी उलटताच गरीब (२)’ हा क्लू केला. ‘नदी’ उलटली की ‘दीन’. वैद्यांनी सुचवले की ‘गरीब’च्या जागी ‘दिवस’ घातल्यास अधिक फसवे होईल, पण दिवस या अर्थाचा ‘दिन’ ऱ्हस्व आणि नदीची ‘दी’ दीर्घ, म्हणून ते आम्ही नाकारले. ऱ्हस्व-दीर्घाला कोड्यात सूट द्यायची नाही, हे त्या दिवशी एकमताने ठरले. वैद्यांचा स्वतःचा क्लू मात्र निर्दोष आहे : ‘वैद्याच्या पाच गोळ्या, रामाचा मुक्काम (४)’. औषधाच्या गोळीला वटी म्हणतात, म्हणून पंच अधिक वटी.

सर्वांत अवघड प्रश्न विभक्तीचा निघाला. भाचीने ‘बिनडोक कारणावरून युद्ध (२)’ असा क्लू आणला. ‘कारण’चे पहिले अक्षर उडवले की ‘रण’ उरते, आणि वरवरचा अर्थही इतका खरा की आम्ही तिघांनी दाद दिली. पण क्लूमध्ये ‘कारण’ हा शब्द नाही, ‘कारणावरून’ आहे. इंग्रजीत शब्द जसाच्या तसा राहतो. मराठीत प्रत्यय लागला की सामान्यरूप होते, ‘पाऊस’चे ‘पावसा’ होते, आणि सोडवणाऱ्याने नेमकी कोणती अक्षरे घ्यायची हे अस्पष्ट होते. दोन रविवार चर्चा करून आम्ही ठरवले की ज्या शब्दाची अक्षरे प्रत्यक्ष वापरायची तो मूळ रूपातच असला पाहिजे. ज्याचा फक्त अर्थ वापरायचा त्याला प्रत्यय चालतील. क्लू ‘बिनडोक कारण, म्हणूनच युद्ध (२)’ असा दुरुस्त झाला. किंचित धार गेली, पण सोडवणाऱ्याशी प्रामाणिक राहिला. मराठीतून असे रचू पाहणाऱ्याला आमचा हा एक नियम मी आग्रहाने सांगेन.

आता उणिवा. आठवड्यात आम्ही व्हॉट्सॲपवर चर्चा करून पाहिली, ती जमली नाही, कारण कुणीतरी थेट उत्तर टाकून मोकळे होते आणि बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये अक्षर बरोबर की चूक हे तपासण्याचे बटण आहे. त्याने महिनाभरात माझी फोड करण्याची सवय मोडू लागली, म्हणून मी ते काढून टाकले. इंग्लंडमधले क्रिकेट, तिथल्या नद्या, शाळा आणि बोलीभाषेत गाळले जाणारे ‘एच’ यांचा भार जड आहे आणि तो पाठ केल्याशिवाय हलका होत नाही. ज्यांना अर्ध्या तासात काहीतरी पूर्ण झाल्याचे समाधान हवे असते त्यांनी यात पडू नये. पहिले दोन महिने जवळजवळ काहीच पूर्ण होत नाही.

जानेवारीत एकदा भाचीने ब्रिटिश कोडेकार ‘अराउकारिया’ यांची गोष्ट सांगितली. जॉन ग्रॅहम हे त्यांचे खरे नाव. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी ‘गार्डियन’मधल्या आपल्या कोड्यातूनच वाचकांना कळवले की त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे. सोडवणाऱ्यांनी एकेक घर भरत नेले आणि उत्तरांतून त्यांना ही बातमी समजली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते गेले. वैद्यांनी आयुष्यभर रुग्णांना अशा बातम्या सांगितल्या आहेत, ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “ज्यांच्याशी रोज बोलायचा त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं त्यानं.” त्या रविवारी आम्ही दुसरे कोडे उघडले नाही.

वहीत आजपर्यंत एकेचाळीस मराठी क्लू उतरले आहेत. त्यांतले माझे नऊ, आणि त्यांपैकी आठ कुणाच्या ना कुणाच्या हरकतीनंतर दुरुस्त झालेले. नववा गेल्या रविवारी तिघांनी पहिल्याच वाचनात मान्य केला : ‘आधी रुपया ठेवा, मग नाशिकचे फळ, शंकराच्या गळ्यात दिसेल (३)’. त्याची फोड मी इथे देत नाही.