जुन्या दगडी इमारतीचे दिशाफलक: बसवणी पक्की, अक्षरांत काटकसर

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागातल्या एका नूतनीकरण केलेल्या इमारतीचे हे फलक स्थानिक वर्कशॉपने बनवलेत.

बसवणीला पैकीच्या पैकी गुण. काळ्या बेसॉल्टच्या चिऱ्याला एकही भोक नाही. ड्रिल सगळीकडे चुन्याच्या दरजेत, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात, स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. साधा लोखंडी स्क्रू गंजला की फुगतो, दरज फोडतो आणि खाली तांबडा ओघळ सोडतो, तो दगडातून सहजासहजी निघत नाही. फलकामागे १० मिमीचे स्पेसर (भिंतीपासून अंतर ठेवणारे तुकडे) आहेत, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहते. डबल टेप कुठेही वापरलेली नाही, हेही बरंच. चुन्याच्या भुकटीवर ती टिकतच नाही.

अक्षरांत मात्र गडबड. माप इंग्रजीवरून धरलंय. वेलांट्या, मात्रा, उकार वरखाली जागा खातात, मग मूळ अक्षर बारीक होतं. २५ मिमीचं अक्षर ७-८ मीटरवरून वाचता येतं. चौकातला फलक १५ मीटरवरून दिसायला हवा, म्हणजे ५० मिमी तरी पाहिजे. तिथे जेमतेम ३५ आहे. ‘जिना’चा बाण तर वळण ओलांडल्यावर दिसतो! तोवर माणूस भलत्याच दालनात.

पृष्ठभाग मॅट आहे, चकाकत नाही. पण दक्षिणेच्या भिंतीवर लाल व्हिनाइल (चिकटवायची प्लास्टिक फिल्म) कशाला? आपल्याकडच्या उन्हात लाल आधी उडतो.

काम देताना फलक खऱ्या मापात फ्लेक्सवर छापून जागेवर टांगून मागा. वर्कशॉपवाले करून देतात, पण मागितलं तरच.