चहात आलं-वेलची कुटून घालावी की बाटलीतला मसाला?

रोजच्या दोन कप चहासाठी खलबत्ता काढायचा की बाटलीतला मसाला टाकून मोकळं व्हायचं, हे मुंबईत चवीइतकंच घड्याळावर ठरतं. आमचा कौल आधीच सांगतो: रोजच्या चहाला ताजं आलं, आणि लोकल गाठायची असेल त्या सकाळी मसाला. घरात दोन्ही असावं, पण दोन्ही वापरायची रीत मात्र अगदी वेगळी आहे.

ताज्या आल्याचा चहा असा: एक कप पाणी, एक कप दूध, इंचभर आलं, 2 वेलच्या, 2 छोटे चमचे चहा पावडर, 3 चमचे साखर. आलं ठेचूनच घ्या. किसलेल्या आल्याचा झणका लवकर उतरतो खरा, पण त्याचे दोरे गाळणीत अडकून बसतात. ठेचलेलं आलं आणि साखर पाण्यात टाकून आधण 3 मिनिटं खळखळू द्या. मग चहा पावडर, मिनिटभराने दूध. ही 3 मिनिटं वाचवू नका. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. ते उकळीत निकामी होतं, पण दुधात कच्चं आलं पडलं तर दूध फाटू शकतं. अशा वेळी पिशवीतल्या दुधाला बोल लावला जातो, आणि त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. वेलची शेवटी, सालासकट कुटून घाला, गॅस बंद करा आणि मिनिटभर झाकण ठेवा. आधी घातली तर तिचा वास वाफेबरोबर स्वयंपाकघरभर जातो, कपात उतरत नाही.

मसाल्यात आल्याच्या जागी सुंठ येते. आलं वाळताना त्याचा ताजा, लिंबासारखा वास कमी होतो आणि तिखटपणा वाढतो, म्हणून मसाल्याचा चहा जिभेपेक्षा घशाला जास्त लागतो. सर्दीत हेच हवंसं वाटतं. दूध फाटायची धास्तीही सहसा नसते. दोन कपांना पाव चमचा पुरे, तोही चहा पावडरीबरोबरच. वरून भुरभुरवला तर कच्चट लागतो आणि तळाशी गाळ बसतो, म्हणून गाळणी बारीक जाळीची घ्या.

विकतच्यापेक्षा घरचा मसाला बरा, कारण प्रमाण आपल्या हातात राहतं. 25 ग्रॅम सुंठ, 15 ग्रॅम वेलची, प्रत्येकी 5 ग्रॅम मिरी आणि दालचिनी, 2 ग्रॅम लवंग, पाव जायफळ. लवंग-जायफळ वाढलं की चहा काढ्यासारखा कडू होतो. लालबागच्या मिरची गल्लीत हे सगळं खडं मिळतं. सुंठेचा तुकडा थेट मिक्सरमध्ये टाकू नका, आधी बत्त्याने फोडा. मिरी, दालचिनी, लवंग कोरडीच जराशी गरम करा. वेलचीला आच लावू नका. दळलेली पूड पूर्ण गार झाल्यावरच बाटलीत भरा, नाहीतर आत घाम धरतो. मुंबईच्या जुलैत तर बाटली उघडी राहिली तरी गुठळ्या होतात. ओला चमचा नको, आणि वाफाळत्या पातेल्यावर बाटली धरून मसाला झटकणं तर नकोच. इतकाच करा की दोन महिन्यांत संपेल.

दुधाचाही हिशेब धरा. फुल क्रीमच्या पिशवीत 6 टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये 3. पातळ दुधात मसाला बोचतो, तेव्हा चिमूटभर कमी घाला. आल्याला दोन्ही दुधं चालतात.

गवती चहाची चव मसाल्याने येत नाही. जुडीतली 2-3 पाती गाठ मारून आल्याबरोबर आधणात टाका. मसाल्याच्या चहात ती घालायची असतील तर मसाला निम्मा करा, नाहीतर दालचिनीपुढे त्यांचा वास टिकत नाही.