मनगटातली नस दबली: पट्टा, इंजेक्शन की ऑपरेशन?

कापसाची वेचणी ऐन भरात आली की यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गावांत बायांची एक तक्रार हमखास ऐकू येते: रात्री हात बधिर होतो, मुंग्या येतात, उठून झटकला की बरं वाटतं. अंगठा, त्याच्या बाजूची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यातच मुंग्या असतील आणि करंगळी मोकळी असेल, तर बहुतेक वेळा मनगटात मीडियन नावाची नस दबलेली असते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटाच्या हाडांवर एक जाड, ताठ पडदा ताणलेला असतो. त्याखालच्या अरुंद जागेतून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि ही एक नस जाते. आत सूज आली की नस चेपते. हा लकवा नाही, आणि तेल चोळून ती जागा मोठी होत नाही.

पट्टा घ्यावा की सरळ ऑपरेशन करावं, हे ठरवण्याआधी एक गोष्ट उजेडात बसून बघा. दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरा आणि अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो पाहा. दुखऱ्या हाताचा उंचवटा बसलेला, सपाट दिसतो का? ब्लाउजचं हुक लावताना, सुईत दोरा ओवताना बोटांना वस्तू कळत नाही, असं होतं का? बधिरपणा रात्रीपुरता आहे की दिवसभर उतरतच नाही? माझ्या मते सगळा निर्णय या उत्तरांवर उभा आहे.

त्रास रात्रीपुरता, येऊन-जाऊन असेल तर पट्ट्यापासून सुरुवात करणं योग्य. पण पट्टा म्हणजे मेडिकलमधली लवचिक गुंडाळी नव्हे. आत कडक पट्टी असलेला, मनगट सरळ ठेवणारा पट्टा हवा आणि तो रोज रात्री किमान सहा आठवडे बांधायला हवा. गरोदरपणात हा त्रास सुरू झाला असेल तर बाळंतपणानंतर तो बहुतेक वेळा ओसरतो, तोवर पट्टा पुरतो. साखर आणि थायरॉईड मात्र तपासून घ्या. त्यांच्यामुळेही नस दबते.

नेदरलँड्समध्ये 176 रुग्णांवर झालेला, 2002 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे कामाचा आहे. तीन महिन्यांनी पट्टेवाल्यांपैकी 54 टक्के आणि ऑपरेशनवाल्यांपैकी 80 टक्के लोकांना चांगला आराम होता. दीड वर्षाने हेच आकडे 75 आणि 90 झाले. पण पट्टेवाल्यांतल्या 41 टक्के लोकांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, त्यामुळे तो 75 चा आकडा एकट्या पट्ट्याचा समजू नका.

मनगटात सूज उतरवणाऱ्या स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात. त्याने आराम लवकर पडतो, पण तो टिकतोच असं नाही. स्वीडनमधल्या 2013 च्या अभ्यासात स्टेरॉईडचा मोठा डोस घेतलेल्यांपैकीही 73 टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन लागलं. वेचणीचे दोन महिने निभावून न्यायचे असतील तर एक इंजेक्शन समजू शकतो. दर हंगामाला एक, हे मला पटत नाही. आत नस झिजत राहते आणि बाईला वाटतं आपण बऱ्या झालो. शुगर असलेल्यांनी हेही लक्षात घ्यावं की इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते.

अंगठ्याचा उंचवटा बसला असेल किंवा बधिरपणा कायमचा झाला असेल, तर पट्टा-इंजेक्शनमध्ये महिने घालवू नका. हाडांच्या डॉक्टरकडे जा, नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी एनसीव्ही तपासणी करा आणि ऑपरेशनचं बोला.

ऑपरेशन दोन तऱ्हांनी होतं. उघड्या पद्धतीत तळहातावर तीन-चार सेंटीमीटरचा छेद घेऊन तो ताठ पडदा कापतात. बहुधा हातापुरतीच भूल असते आणि पेशंट त्याच दिवशी घरी येतो. दुर्बिणीच्या पद्धतीत छेद लहान असतो आणि माणूस सरासरी आठवडाभर आधी कामावर परततो. पुढे वर्षभराने दोन्ही पद्धतींनी केलेले हात सारखेच चालतात. म्हणूनच सांगतो, दुर्बिणीसाठी सावकाराकडे जाऊ नका, सोनं मोडू नका. जवळच्या रुग्णालयात, नेहमी हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडून उघड्या पद्धतीने करून घेतलेलं चांगलंच असतं.

फायदा कशात होतो, तेही नीट समजून घ्या. रात्रीच्या मुंग्या बहुतेकांच्या पहिल्या काही दिवसांतच थांबतात आणि झोप लागते. बोटांच्या टोकांचा बधिरपणा उतरायला महिने लागतात, जुना असेल तर थोडा राहूनही जातो. बसलेला उंचवटा पुन्हा भरेलच असं नाही. जमिनीवर तळहात टेकवून उठताना मनगटाजवळ दुखणं दोन-तीन महिने राहतं आणि पकडही तेवढे दिवस कमजोर असते. जंतुसंसर्ग, नसेला इजा, पडदा अर्धवट कापला जाणं हे धोके आहेत, पण क्वचित.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर शेण, माती, पाणी काहीच लागू द्यायचं नाही, बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवत राहायची. खुरपं, विळा, भरलेली गुंडी यांना दीड-दोन महिने तरी हात लावू नये. कोरडवाहू शेती असेल तर संक्रांतीनंतर, पऱ्हाटी रिकामी झाली की ऑपरेशन केलेलं बरं, म्हणजे मृगाच्या पेरणीपर्यंत हात तयार होतो. मात्र अंगठा बारीक होत असेल तर हंगामाची वाट बघायची नाही. दोन्ही हात दुखत असतील तर आधी जास्त त्रासाचा एकच हात करा. वेणी घालायला, आंघोळीला, जेवायला दुसरा हात लागतोच. बांगड्या आणि अंगठी घरीच काढून ठेवा.

सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत, तसंच यवतमाळ, अकोला, नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हाडांचे विभाग आहेत. भरती होण्याआधीच महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा, की हे ऑपरेशन यादीत बसतं का. आधार आणि रेशनकार्ड सोबत न्या.