हँडल वाकडं म्हणजे ग्रॅव्हल सायकल नव्हे: माझे ३४ हजार कसे गेले

जुलै २०२४ मध्ये मी छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून ३४ हजारांना ‘ग्रॅव्हल’, म्हणजे डांबरावर आणि खडी-मुरमावरही चालणारी, खाली वळलेल्या हँडलची सायकल, म्हणून एक सायकल घेतली. ती ग्रॅव्हल नव्हती, हे कळायला सात आठवडे आणि एक अपघात लागला. तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण असल्या सायकली अजून विकल्या जातायत आणि आपल्याकडची पोरं वर्षभर पैसे साठवून त्या घेतायत, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

मी जालन्यात राहतो, स्टीलच्या मिलमध्ये कामाला आहे. शेत घरापासून सोळा किलोमीटर. त्यातलं अकरा किलोमीटर डांबरी, मग मुरमाचा रस्ता, आणि शेवटी दीड किलोमीटर पांदण. रोड सायकलचं बारीक टायर मुरमात रुततं, एमटीबी, म्हणजे जाड टायरची माउंटन बाइक, डांबरावर ओढत नाही. दोन्हीकडे चालेल अशी एकच सायकल हवी होती. नवीन ग्रॅव्हल माझ्या आवाक्यात नव्हती. जमवाजमव करून ३५ हजार झाले होते, त्यातले काही बायकोच्या भिशीचे.

दुकानदार माणूस गोड. म्हणाला, “सर, ही सायक्लोक्रॉस-ग्रॅव्हल आहे, बाहेरच्या देशातला लॉट. चिमटा कार्बनचा, गिअर शिमानो क्लॅरिसचे. नवीन घ्यायला जाल तर सत्तर हजार मोजावे लागतील.”

चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. ‘सायक्लोक्रॉस-ग्रॅव्हल’ हा जोडशब्द ऐकला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. सायक्लोक्रॉस आणि ग्रॅव्हल या दोन वेगळ्या सायकली आहेत. सायक्लोक्रॉस चिखलातल्या तासाभराच्या शर्यतीची, अडथळा आला की उतरून खांद्यावर घेऊन पळायची. त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमात ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर चालत नाही. ग्रॅव्हल लांबच्या पल्ल्याची. तिच्या दोन चाकांत अंतर जास्त, त्यामुळे खडीवर ती भटकत नाही. टायरला ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जागा असते. बाटल्या आणि कॅरिअरसाठी फ्रेमला आटे असतात. शेताला जाणाऱ्या माझ्यासारख्याला सायक्लोक्रॉसचा काही उपयोग नाही. पण तेव्हा मी फक्त ते खाली वळलेलं हँडल बघत होतो. कितीतरी वर्षं तसली सायकल मनात होती.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “बिल केलं तर बारा टक्के जीएसटी लागेल सर, चार हजार फुकट जातील.” तेव्हा सायकलीवर १२ टक्केच होता, आता ५ आहे. चार हजार माझ्यासाठी कमी नव्हते. वहीच्या कागदावर ‘सायकल १ नग, ३४,०००’ असं लिहून घेतलं आणि पैसे यूपीआयने दिले. दुकानासमोरच्या सपाट गल्लीत एक चक्कर मारली. ब्रेक चांगले लागत होते. ते का चांगले लागत होते, ते पुढे येईलच.

पहिल्याच पावसात पांदणीत चाक अडलं. आपल्या काळ्या मातीपुढे कुठलीच सायकल टिकत नाही, हे मान्य. पण इथे टायर आणि चिमट्याच्या मध्ये करंगळीसुद्धा जात नव्हती, आणि टायर तर ३५ मिलिमीटरचंच होतं. काडीने माती उकरत, सायकल ढकलत घरी आणली. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “३२ चं टायर टाका.” मुरमासाठी घेतलेल्या सायकलीला बारीक टायर टाका, असा सल्ला! त्याच आठवड्यात तळहातांना मुंग्या येऊ लागल्या, खांदे भरून यायला लागले. मला वाटलं, सवय होईल.

सप्टेंबरमध्ये पुतण्या आणि त्याचे दोन मित्र म्हैसमाळला निघाले, मीही गेलो. खुलताबादपासून वर चढलो. डोंगर हिरवागार होता, वर चहा घेतला. उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणाला दोन्ही ब्रेक दाबले आणि लिव्हर सरळ हँडलला येऊन टेकली. बोटांत होता तेवढा सगळा जोर लावला, तरी वेग कमी होईना. समोरून जीप येत होती. मी सायकल डोंगराच्या बाजूच्या मुरमात घातली आणि पडलो. मनगट मुरगळलं, कोपराची सालटं निघाली. वळण दुसऱ्या बाजूचं असतं तर डाव्या हाताला दरी होती. पुतण्या मागून आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो चेहरा आठवला की आजही मला त्या दुकानदाराचा राग आवरत नाही.

जालन्यात आमच्याकडे एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी सायकल स्टँडला लावली आणि अर्ध्या तासात सगळं उलगडून दाखवलं.

आधी ब्रेक. वळलेल्या हँडलवरची लिव्हर रोड सायकलची होती आणि चाकाजवळचा डिस्क कॅलिपर, म्हणजे चाकावरच्या डिस्कला पॅड दाबणारा भाग, एमटीबीचा. रोडची लिव्हर दाबली की वायर थोडी ओढली जाते. एमटीबीच्या कॅलिपरला त्याहून बरीच जास्त ओढ लागते. दुकानदाराने पॅड डिस्कला अगदी चिकटवून, वायर ताणून ठेवली होती, म्हणून गल्लीतल्या चकरेत ब्रेक कडक लागले. पॅड जरा झिजले आणि ती चोरी उघडी पडली. कितीही अॅडजस्ट करा, ही जोडी घाटात धरणार नाही, असं चाचांनी स्पष्ट सांगितलं. रोडच्या लिव्हरला रोडच्याच ओढीचा कॅलिपर लागतो. विकणाऱ्याला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही. ज्याने हँडल बदललं, लिव्हर बसवली, त्याने ब्रेक ओढून बघितलेच असणार.

मग फ्रेम. साध्या सरळ हँडलच्या हायब्रिडची, म्हणजे रोड सायकल आणि एमटीबीच्या मधल्या सायकलची, फ्रेम नव्याने रंगवलेली. हायब्रिडची वरची नळी लांब असते, कारण सरळ हँडल हाताजवळ येतं. तिच्यावर वळलेलं हँडल बसवलं की हात आणखी पुढे जातो. माझे खांदे आणि तळहात यामुळेच दुखत होते. सायकल उलटी केली तर पायडलच्या क्रँकखालचा फ्रेम नंबर घासून टाकलेला. क्लॅरिसला मागे गिअरच्या आठ चकत्या असतात, इथे सातच, त्याही आट्यांवर बसणाऱ्या स्वस्तातल्या फ्रीव्हीलच्या. मोजल्या असत्या तर दुकानातच कळलं असतं.

आणि चिमटा. मिलमध्ये भंगाराची गाडी आली की आम्ही चुंबक घेऊन उभे असतो, तेच चुंबक मी खिशातून काढून चिमट्याला लावलं. खट्कन चिकटलं. कार्बनला किंवा अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. कार्बनच्या विणीचं नक्षीचं स्टिकर गुंडाळलेला तो साधा लोखंडी चिमटा होता.

दुकानात गेलो तेव्हा आवाज बदलला होता. “वापरलेला माल आहे, बघून घेतला तुम्ही.” बिल नाही, त्यामुळे मी काही करू शकणार नाही, असं त्याला वाटलं. पण सौदा करताना त्याने व्हॉट्सअॅपवर ‘ओरिजनल ग्रॅव्हल, कार्बन चिमटा’ असं लिहून फोटो पाठवले होते आणि यूपीआयची नोंद दुकानाच्या खात्यावर होती. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली. तिथून तोडगा निघाला नाही. मग जिल्हा आयोगाकडे गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, संभाजीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. चाचांनी सगळ्या भागांची अवस्था लिहून सही करून दिली, मी प्रत्येक भागाचे फोटो काढले. तारखा चालू आहेत.

घ्यायला जाणाऱ्यांनी कृपा करून चुंबक आणि शाळेतली बारा इंची पट्टी सोबत न्यावी. पट्टीचा शून्य चेनच्या एका पिनेच्या मध्यावर धरा. बारा इंचांवर बरोबर एखाद्या पिनेचा मध्य यायला हवा. ती पिन अर्धा सूतभर पुढे सरकलेली असेल तर चेन बदलायला आली, सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग पुढे असेल तर चकत्याही गेल्या असं धरा. चक्कर सपाटीवर मारू नका, जवळचा एखादा पूल किंवा उतार शोधा आणि हँडलचा वरचा भाग धरून नव्हे, खाली वाकून वळलेला भाग धरून ब्रेक दाबा. लिव्हर हँडलपर्यंत येत असेल तर दुकानदार काहीही सांगो, तिथून निघा.

आणि बजेट तीस-पस्तीस हजारांचं असेल तर वळलेल्या हँडलचा हट्ट सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. सरळ हँडलची, झटके खाणारा पुढचा फोर्क नसलेली, ३८-४० चं टायर मावणारी, पक्क्या बिलाची हायब्रिड मुरमावर तेवढीच चालते. वायरचे डिस्क ब्रेक आणि आठ गिअर आपल्या रस्त्यांना पुरतात. मी आता पुतण्याची जुनी हायब्रिड घेऊन शेतात जातो. तळहात दुखत नाहीत.

ती सायकल पडवीत उभी आहे. मागच्या महिन्यात गल्लीतला एक पोरगा आला, अकरावीतला. “काका, आठ हजारांना द्या ना, ब्रेक मी बघून घेतो.” हँडलवरून हात फिरवत होता. मी त्याला जवळ बसवून दोन्ही लिव्हर दाबून दाखवल्या आणि घरी पाठवलं.