चिपळूणच्या बाजारपेठेतलं केमिकलचं दुकान : स्लरी इथूनच घ्या

भांडी घासायचं लिक्विड करणाऱ्या बचत गटांसाठी हे लिहितेय. आमचा गट गुहागर तालुक्यातला, कच्चा माल चिपळूणहून येतो. ह्या दुकानाचा रेट इतरांपेक्षा किलोमागे थोडा चढाच आहे. तरी मी हेच दुकान सांगेन, कारण अ‍ॅसिड स्लरी, म्हणजे लिक्विडचा मुख्य कच्चा माल, कशी विकायची असते हे ह्यांना कळतं.

स्लरी म्हणजे लेबसा (LABSA) नावाचं केमिकल, तपकिरी आणि काकवीसारखी दाट. साबणाचा माल म्हणून बायका तिला घाबरत नाहीत, आणि धोका तिथेच आहे. ९० ते ९६ टक्क्यांची ही स्लरी जोरदार अ‍ॅसिड असते, शिवाय तिच्यात थोडं सुटं सल्फ्युरिकही असतं. कातडी भाजते. डोळ्यात गेली तर दृष्टीही जाऊ शकते. दुसऱ्या एका दुकानात मी ती पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून देताना पाहिलीय, वर साधी चिठ्ठीसुद्धा नाही. आपल्याकडे कोठीच्या अंधारात आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली शेजारीच असते, घरात पोरं फिरतात. असं कुणी कसं विकू शकतं?

इथे सुटी स्लरी मागितली तरी मिळत नाही. जाड एचडीपीई प्लॅस्टिकचा कॅन, घट्ट बूच, वर मालाचं नाव आणि मराठीत ठळक सूचना: हातमोजे, गॉगल घाला, डोळ्यात गेल्यास निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि तडक डॉक्टरकडे जा. दुकानाचे काका प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारतात, "ताई, कालवणार कशात?" पत्र्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं म्हटलंत की थांबवतात. अ‍ॅसिड धातू खातं आणि हायड्रोजन सुटतो, तो पेट घेतो. स्लरीचं अ‍ॅसिड मारायला कॉस्टिक सोडा घालतात, अ‍ॅल्युमिनियमला तर तोही खातो. म्हणून प्लॅस्टिकचा टब आणि लाकडी दांडा.

कॉस्टिकचंही त्यांनी नीट समजावलं. त्याचे फ्लेक्स (पापुद्रे) पाण्यात टाकायचे, फ्लेक्सवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर उकळून अंगावर उडतं. ते पाणी पूर्ण निवू द्यायचं, मग थोडं थोडं करून ते आणि स्लरी एकत्र आणायचं, कारण तेव्हाही बरीच उष्णता निघते. किलोभर स्लरीला साधारण सव्वाशे ग्रॅम कॉस्टिक लागतं, पण अंदाजावर थांबू नका. पीएच पेपरवर, म्हणजे अ‍ॅसिड किती उरलंय ते दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर, ७ ते ८ आलं पाहिजे. पेपरचं पाकीट त्यांच्याकडेच मिळतं.

गोदाम मी आत जाऊन पाहिलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात ह्या बाजारपेठेचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे ह्यांचा सगळा माल आता माडीवर असतो. स्लरीचे ड्रम एका भिंतीला, खाली उंच काठाची प्लॅस्टिकची ट्रे. कॉस्टिक पार दुसऱ्या खोलीत, पिशव्यांची तोंडं बांधलेली. आपल्या पावसाळी हवेत कॉस्टिक ओल धरून पाझरतं, तेव्हा हे हवंच. कोपऱ्यात कोरड्या रेतीची बादली आणि धुण्याच्या सोड्याचं पोतं. सांडलं तर आधी रेती, मग सोडा, आणि ते सगळं गोळा करून ड्रममध्ये. गटारात पाणी मारून धुवायचं नाही. ते पाणी वाशिष्ठीत जातं आणि असला माल माशांना विषारी असतो. आमच्याकडे जांभ्याची जमीन, सांडलेलं झिरपून विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. म्हणून आम्हीही शेडमध्ये तशीच ट्रे ठेवली, विहिरीपासून लांब.

मला सगळ्यात पटलं ते रिकाम्या कॅनचं. कॅन परत आणला की डिपॉझिट मिळतं. आपल्याकडे असे कॅन धुऊन पाणी भरायला सर्रास वापरतात, त्याला ह्यांनी असा आळा घातलाय.

उणिवा आहेत. फेसासाठी लागणाऱ्या एसएलईएस पेस्टचं माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे. ती पेस्ट पाण्यात हळूहळू सोडायची असते. पेस्टवर पाणी ओतलं तर घट्ट गोळे होतात आणि विरघळता विरघळत नाहीत. हे मला विचारावं लागलं, कुणी आपणहून सांगितलं नाही. दुपारी दुकान बंद असतं आणि मुलगा गल्ल्यावर असला की समजावून सांगणं जरा घाईत होतं.

आणि एसटीने न्यायचं असेल तर ते स्लरी देतच नाहीत, कितीही गळ घाला. टेम्पोवाला सोबत घेऊनच जा.