पगारी आयटीवाला ठेवावा की एएमसी (बाहेरच्यांना कॉम्प्युटरच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट) द्यावी?

दहा कॉम्प्युटरपर्यंत हा प्रश्न कुणाला पडत नाही. हार्डवेअरवाल्याला फोन लावायचा, तो संध्याकाळपर्यंत येतो, पाचशे रुपये घेऊन जातो. पंचवीसच्या आसपास मात्र रोज काहीतरी बंद असतं, आणि मग चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतंच, "एक पोरगाच ठेवू या की."

भोसरीत आमचं मशिनिंगचं युनिट आहे. मी आधी सहा वर्षं एएमसी दिली, मग दोन वर्षं पगारी मुलगा ठेवला आणि गेलं दीड वर्ष पुन्हा एएमसीवर आहे, पण दुसऱ्याकडे. माझा कल कुठे आहे ते यावरून कळलंच असेल. तरी मुलाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे.

वेगाचं सगळेच सांगतात. २० तारखेच्या संध्याकाळी जीएसटी रिटर्न भरायचंय आणि डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन ओळखलं जात नाहीये, तेव्हा माणूस दोन मिनिटांत टेबलाशी आलेला बराच वाटतो. मला त्याहून मोलाचं वाटलं ते त्याचं आमच्यात असणं. एका सकाळी परचेसच्या टेबलाशी चहा पिताना त्याची नजर एका मेलवर गेली. स्टील सप्लायरची मेल: बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नव्या खात्यावर करा. लेटरहेड बरोबर, सही बरोबर, खाली आधीच्या मेलची साखळीही जशीच्या तशी. पत्त्यात फक्त 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून बसलेले. नुसतं पाहणाऱ्याला 'एम'च वाटावा. त्याने सप्लायरला जुन्या नंबरवर फोन करायला लावला. खातं बदललेलं नव्हतंच. चार लाख ऐंशी हजार जाता जाता राहिले. बाहेरून येणारा माणूस परचेसमध्ये चहा पीत बसत नाही, हे मान्य करावंच लागेल.

खर्चात मुलगा मला पीएफ-बोनस धरून एएमसीच्या साधारण दुप्पट पडला. पण तेवढ्यावरून ठरवू नये. एक दिवस टॅली बंद राहिली की असला फरक कुठच्या कुठे जातो.

मग बिनसलं कुठे? तो हाकेच्या अंतरावर होता, इथेच.

अकाउंट्समध्ये आमचे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, वडिलांच्या काळापासूनचे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीसुद्धा. "बाळा, बँकेची साइट उघडत नाहीये, ते अँटिव्हायरस जरा झोपव रे." तेवीस वर्षांचा पोरगा काकांना नाही कसं म्हणणार? झोपवलं. उठवायचं राहिलं. मला कळलं तोवर महिना उलटला होता.

शॉपमध्ये एका जुन्या सीएनसी मशीनला जोडलेला विंडोज एक्सपीचा पीसी आहे. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४मध्येच थांबले, पण मशीनला प्रोग्रॅम पाठवणारं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, त्यामुळे तो काढताही येत नाही. असला पीसी नेटवर्कपासून तोडून ठेवायचा, हे वेगळं सांगायला नको. सुपरवायझरला पेनड्राइव्ह घेऊन वर-खाली करायचा कंटाळा आला, त्याने हुकूम सोडला, मुलाने लॅनची वायर ओढून दिली. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस असंच पसरलं होतं, सुरक्षेचे अपडेट नसलेल्या एका मशीनवरून त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्यावर. मुलाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण सुपरवायझर आवाज चढवून बोलतो.

आणि मी काय वेगळा? मुलीचा लॅपटॉप, घरचं वायफाय, सासऱ्यांचा फोन, गणपतीत सोसायटीचा एलईडी स्क्रीन. एक दिवस एका कस्टमरच्या ड्रॉइंगचा फोल्डर चुकून डिलीट झाला. बॅकअप मागितला तर शेवटचा बॅकअप अडुसष्ट दिवसांपूर्वीचा. पोराने मान खाली घातली. मला रागावता आलं नाही. त्या अडुसष्ट दिवसांतली निम्मी कामं मीच सांगितलेली होती. कंपनी असाल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा, असा नियम २०२२पासून आहे. तो आमच्या सीएंनी मला त्याच आठवड्यात ऐकवला, ते वेगळंच.

एरवी मुलाच्या कामात खोट नव्हती. पण सुरक्षेचं निम्मं काम लोकांना नाही म्हणण्याचं असतं, आणि ते आम्ही ऑफिसात वयाने आणि पगाराने सगळ्यात लहान असलेल्याच्या गळ्यात टाकलं होतं. पुढे त्याला हिंजवडीत चांगली नोकरी लागली. त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतला नाही.

आताच्या एएमसीचा माणूस गुरुवारी येतो. भोसरीची सुटी गुरुवारची. महावितरणची देखभालही गुरुवारीच निघते, त्यामुळे कधी लाइट नसली की त्याचा फेरा फुकट जातो आणि तो शुक्रवारी तोंड पाडून येतो. एरवी रिकाम्या ऑफिसात अपडेट टाकतो, मशीन रीस्टार्ट करतो, बॅकअपमधली कुठलीही एक फाइल परत काढून तिचा फोटो मला पाठवतो. हाक मारायला कुणी नसतं. पहिल्याच गुरुवारी त्याने एक्सपीची ती वायर उपटली आणि गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवली. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५मध्ये थांबणार होते; कुठली अकरा मशीन बदलावी लागतील याची यादी त्याने जुलैतच दिली होती.

काकांनी त्यालाही अँटिव्हायरसचं सांगून पाहिलं. "चालेल काका, साहेबांची तेवढी मेल लागेल," म्हणाला. मेलसाठी माझ्याकडे कुणी आलं नाही.

एएमसीत सगळं गोड असतं असंही नाही. जुन्या एएमसीची सहा वर्षं मी विसरलेलो नाही. दर वेळी नवा पोरगा, दर वेळी "सर, सर्व्हर कुठाय?" एकदा शेजारच्या युनिटमध्ये बसलो होतो, तिथे त्यांचाच पोरगा आला आणि त्याने आमच्यासमोर ॲडमिनचा, म्हणजे मशीनवर काहीही बदलू देणारा, पासवर्ड टाकला. बोटांवरून ओळखला, आमचाच होता. सगळ्या गिऱ्हाइकांना एकच किल्ली! सोडताना तर आमच्या मेलचं डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) त्यांच्याच नावावर निघालं. ते परत मिळवायला तीन आठवडे विनवण्या केल्या.

म्हणून या वेळी सही करण्याआधी काही गोष्टी लिहून घेतल्या. येणारी माणसं दोनच, नावानिशी ठरलेली. डोमेन कंपनीच्या नावावर. ओटीपी आमच्या मोबाइलवर. बाहेरून मशीन हाताळायचं तर आमच्या माणसाने समोर बसून परवानगी द्यायची, कायमचा रिमोट पासवर्ड नाही. ॲडमिनचे पासवर्ड बंद पाकिटात माझ्या कपाटात. एएमसीवाल्याने कुरकुर केली, पण लिहून दिलं.

कायद्यापुढे मात्र दोन्ही पर्याय सारखेच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि ती जबाबदारी आपली; एएमसीवाल्याचा फोन लागला नाही ही सबब चालत नाही. कळवायचा मसुदा मी छापून ठेवलाय, अकाउंट्सच्या फोनवर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर, १९३०, चिकटवलाय. परचेसचं मात्र मला अजून खटकतं. खातं बदलल्याची मेल आली की जुन्या नंबरवर फोन करायचा, असा नियम केलाय, पण नियमाला त्या मुलासारखी नजर नसते.

तुमच्याकडे दोन पाळ्या चालत असतील, पन्नासच्या वर मशीन असतील किंवा गाडीकंपन्यांचे ऑडिटर सुरक्षेच्या प्रश्नावल्या पाठवत असतील, तर घरचा माणूस हवाच, माझं ऐकू नका. फक्त तो चाळिशीतला घ्या आणि थेट मालकाच्या हाताखाली ठेवा. त्याहून लहान कारखान्याला, माझ्या मते, एएमसी बरी.

निवडताना एक करून बघा. पहिल्या भेटीत सहज म्हणा, "माझ्या लॅपटॉपवर मला ॲडमिनचे हक्क देऊन टाका, दर वेळी तुम्हाला कशाला त्रास." लगेच हो म्हणाला तर चहा पाजा आणि दुसरा बघा. आमच्याने विचारलं, "कशासाठी हवेत?" मला सांगता आलं नाही. दीड वर्ष झालं, अजून मिळालेले नाहीत.